निलगिरीची बाटली तेलासारखी ओतू नका: सुगंधी तेलं वापरताना या चुका टाळा

परभणीची जानेवारीतली थंडी ज्यांनी काढलीय, त्यांना वेगळं सांगायला नको. अशाच एका सकाळी नाक चोंदलं म्हणून मी बंबातलं बादलीभर कढत पाणी काढलं आणि त्यात निलगिरीची बाटली उपडी धरली. दहा-बारा थेंब पडले असतील. वास झकास सुटला. दोन तांबे अंगावर घेतले न घेतले तोच पाठीवर, काखेत, जांघेत मिरची लागल्यासारखी आग सुरू झाली. आणखी पाणी ओतलं, आग काही हटेना. दाराबाहेरून मोठी आई ओरडली, "काय करायलास रे आतमधी एवढा वेळ?" ऐकल्यावर तिनं करडईच्या तेलाची वाटीच आत सरकवली. ते चोळलं, फडक्यानं पुसलं, मग साबण लावला. पंधरा-वीस मिनिटांत अंग शांत झालं.

निलगिरीचा अर्क पाण्यात विरघळत नाही. त्याचा तवंग वर तरंगतो आणि पहिल्याच तांब्याबरोबर निव्वळ अर्क कातडीला चिकटतो. नुसत्या पाण्यानं तो सुटत नाही, खायच्या तेलात मात्र सहज मिसळतो. त्यामुळे त्वचेची आग झाली तर आधी साधं तेल, मग साबण-पाणी. डोळ्यात गेलं तर भरपूर स्वच्छ पाण्यानं पंधरा मिनिटं धुवायचं आणि दवाखाना गाठायचा.

मला वाटतं सगळा घोटाळा 'तेल' या शब्दानंच केलाय. तीळ, करडई, खोबरेल आपण ओंजळीनं अंगात जिरवतो, तोच हात या बाटलीलाही लागतो. पण हे तर पाल्याला वाफ देऊन काढलेलं, उडून जाणारं द्रव्य आहे. शंभर किलो गवती चहातून ते अर्ध्या किलोच्या आसपास निघतं. जुन्या बायकांना ही ताकद ठाऊक होती. ओव्याचं फूल, पुदिन्याचं फूल (झाडाची फुलं नव्हेत, अर्काचे खडे) आणि कापूर एका बाटलीत घातले की आपोआप पाणी होतं, ती अमृतधारा. आजी त्यात काडीचं टोक बुडवून बत्ताशाला लावायची, बाटली ओठाला कधी लावू द्यायची नाही. आता तर तेवढंही घरच्या घरी करू नका, कापूर पोटात जाणं लेकरांना फार घातक.

हिशेब सोपा आहे. साधारण 20 थेंब म्हणजे 1 मिली. 30 मिली, म्हणजे दोन मोठे चमचे साध्या तेलात 12 थेंब घातले की 2 टक्के होतात. मोठ्या माणसाच्या अंगाला तेवढं पुरे, चेहऱ्यासाठी 6 थेंब. आपल्याकडे यासाठी बदामतेल शोधत बसायची गरज नाही. करडई आपल्याच रानातली, परभणीच्या कृषी विद्यापीठाचं 'परभणी कुसुम' वाण सगळ्यांच्या ओळखीचं. लाकडी घाण्यावरचं करडईतेल उत्तम चालतं. पहिल्यांदा लावताना कोपराच्या आतल्या बाजूला लावून एक दिवस वाट बघा.

लेकरांच्या बाबतीत मात्र मी कुणाचंच ऐकत नाही. दोन वर्षांच्या आतल्या बाळाच्या नाकाजवळ, छातीवर निलगिरी, पेपरमिंट, कापूर काहीही नको, श्वास अडकू शकतो. वाफाऱ्याच्या पातेल्यानं भाजण्याचा धोका वेगळाच. ओव्याची पुरचुंडी तव्यावर कोमट करून शेकायची तर शेका, पण त्यात कापराची वडी बांधू नका. बाळ ती फडक्यासकट चोखतं. निलगिरी चमचाभर, म्हणजे 5 मिली जरी पोटात गेली तरी लहान मुलाला झटके येऊ शकतात, शुद्ध हरपू शकते. बाटली नेमकी सर्दीच्या औषधासारखीच दिसते, म्हणून औषधांच्या फळीवर ठेवूच नका. कुणी प्यायलंच तर ओकारी काढू नका, उलटीवाटे ते फुप्फुसात जातं. मिठाचं पाणी, दूध वगैरे काही न पाजता 108 ला फोन लावा आणि बाटली सोबत घ्या.

गरोदर बाई, दम्याचा किंवा फिट्सचा माणूस घरात असेल तर डॉक्टरांना विचारून.

एप्रिल-मेमधली खास आपली चूक म्हणजे कूलर. टाकीत खसाचं नाहीतर लेमनग्रासचं अर्धं झाकण ओतायचं आणि खोली बंद करून रात्रभर झोपायचं. सकाळी डोकं जड होतं, घसा खवखवतो, मग कंपनीला शिव्या. खरं तर दहा मिनिटांत नाक सरावतं, वास येईनासा होतो आणि आपण आणखी ओततो. शिवाय आंब्याच्या सालीसारखा चिकट थर पंपात बसतो. वाळाच हवा असेल तर वाळ्याच्या ताट्या लावा. डिफ्यूझर, म्हणजे खोलीत वास पसरवायचं यंत्र, असेल तर अर्धा तास चालू, मग बंद, दार किलकिलं. मांजर पाळलं असेल तर नकोच, तिचं यकृत हे द्रव्य पचवू शकत नाही.

सालीतून दाबून काढलेलं लिंबाचं किंवा बर्गमॉट या लिंबूवर्गीय फळाचं तेल अंगाला लावून रानात जाऊ नका. उन्हाशी त्याचं वाकडं आहे, कातडी भाजते, काळे डाग महिनोन्‌महिने राहतात. निदान बारा तास तो भाग झाकलेला हवा.

विकत घेताना बाटलीवर वनस्पतीचं शास्त्रीय नाव आहे का बघा. नुसतं 'लॅव्हेंडर सुगंध' लिहिलेलं असेल तर ते अगरबत्तीच्या कामाचं. एक थेंब कोऱ्या कागदावर टाकून रात्रभर ठेवा. सकाळी भज्याच्या कागदासारखा तेलकट डाग दिसला तर त्यात साधं तेल मिसळलेलं असण्याची शक्यता मोठी. चंदन आणि वाळा जड असतात, त्यांना ही परीक्षा लावू नका.

आणि पत्र्याच्या खोलीत बाटल्या ठेवू नका. उन्हाळ्यात ती भट्टीच होते. तापून, हवा लागून लिंबूवर्गीय तेलं बिघडतात आणि अशाच जुन्या तेलानं पुरळ उठतं. गडद काचेची बाटली, घट्ट झाकण, चुलीपासून लांब. फोडल्याची तारीख मी बाटलीवर पेनानं लिहितो. लिंबाची वर्षभरानं अंगाला लावायला बंद.