फोर-व्हील-ड्राइव्ह गाडीसाठी ड्राइव्हट्रेन आणि डिफरन्शियल कसे निवडावे

चिखलात किंवा खडकाळ चढावर अडकलेल्या फोर-व्हील-ड्राइव्ह गाडीकडे नीट पाहिले, तर तिची चारही चाके क्वचितच फिरत असतात. पुढचे एक आणि मागचे एक, तीही एकमेकांच्या तिरक्या कोपऱ्यांतली, अशी दोनच चाके गरगर फिरत राहतात आणि ज्यांच्याखाली चांगली जमीन आहे ती दोन चाके स्वस्थ उभी असतात. डिफरन्शियल, म्हणजे दोन चाकांत ताकद वाटणारी गिअरची पेटी, निवडण्याचा सगळा प्रश्न या एका दृश्यात सामावलेला आहे. म्हणून कोणता लॉकर, म्हणजे एका एक्सलची (आसाची) दोन्ही चाके एकत्र फिरवणारी यंत्रणा, घ्यावा हे ठरवण्याआधी आपली गाडी कोणत्या प्रकारच्या जमिनीवर आणि नेमक्या कोणत्या चाकामुळे थांबते, हे काही फेऱ्यांमध्ये पाहून लिहून ठेवावे. शक्य असल्यास सोबतच्या माणसाला खाली उतरून चाकांवर लक्ष ठेवायला सांगावे. हे न करता केलेला खर्च बऱ्याचदा चुकीच्या एक्सलवर होतो.

वळणावर बाहेरच्या चाकाला आतल्या चाकापेक्षा जास्त अंतर कापावे लागते. दोन चाकांमधले अंतर १.५ मीटर असेल, तर गाडीने पूर्ण वर्तुळ मारल्यावर हा फरक सुमारे ९.४ मीटर भरतो, मग ते वर्तुळ लहान असो वा मोठे. हा फरक सामावून घेण्यासाठी डिफरन्शियल असते. साधे, म्हणजे ओपन, डिफरन्शियल दोन्ही चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देते, पण टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, मात्र दोघांना सारखाच देते, आणि अडचण इथेच सुरू होते. निसरड्यावरचे चाक घसरण्यापूर्वी २०० न्यूटन-मीटरच पेलू शकत असेल, तर कोरड्या दगडावरच्या चाकालाही २०० च मिळतात. एक्सलची एकूण कमाई ४००. चाक हवेत उचलले गेले, की दोन्हींच्या वाट्याला जवळजवळ शून्य येते.

आधी ट्रान्स्फर केस

डिफरन्शियलच्या आधी ट्रान्स्फर केसमध्ये, म्हणजे गिअरबॉक्सला जोडलेल्या वाटणीच्या पेटीत, पुढच्या आणि मागच्या एक्सलमध्ये ताकदीची वाटणी कशी होते, ते ठरते. पार्ट-टाइम पद्धतीत मधले डिफरन्शियल नसते. फोर-व्हील-ड्राइव्ह लावले, की दोन्ही प्रोपेलर शाफ्ट, म्हणजे पुढच्या आणि मागच्या एक्सलकडे ताकद नेणारे दांडे, एकमेकांना पक्के जोडले जातात. ही रचना साधी, मजबूत आणि दुरुस्तीला सोपी आहे, पण वळताना पुढची चाके मागच्या चाकांपेक्षा मोठ्या वर्तुळात जात असल्याने कोरड्या डांबरी रस्त्यावर शाफ्टमध्ये पीळ साचत जातो, स्टीअरिंग जड होते आणि शेवटी लिव्हर टू-व्हीलमध्ये परत येईनासा होतो. असे झाल्यास लिव्हरवर जोर काढू नये. गाडी सरळ ठेवून काही मीटर मागे घ्यावी, पीळ सुटतो आणि लिव्हर सहज हलतो.

फुल-टाइम पद्धतीत मध्ये तिसरे डिफरन्शियल असते. १९७० ची रेंज रोव्हर आणि १९७७ ची लाडा निवा ही तिची जुनी उदाहरणे आहेत. पावसाळी किंवा बर्फाळ रस्त्यांवर, जिथे पकड दर शंभर मीटरला बदलते, तिथे ही पद्धत निःसंशय उजवी ठरते. मात्र मधल्या डिफरन्शियलला लॉक असलाच पाहिजे, नाहीतर एकच चाक घसरले तरी गाडी जागेवर उभी राहू शकते. आडव्या इंजिनाच्या हलक्या गाड्यांत गरजेपुरता क्लच लागून मागची चाके जोडली जातात. ओल्या रस्त्यासाठी आणि कच्च्या वाटेसाठी ती सोय पुरेशी असते, पण बहुधा लो रेंज, म्हणजे अगदी हळू आणि जोरात चालण्यासाठीचे जादा गिअर, नसते आणि खोल वाळूत बराच वेळ झुंजावे लागले तर क्लच तापून मागची चाके सुटतात. अशा गाडीत लॉकर बसवण्याचा विचार करण्यापेक्षा तिच्या मर्यादेत राहणे किंवा गाडीच बदलणे शहाणपणाचे, असे माझे स्पष्ट मत आहे.

एक्सलमधले पर्याय

लिमिटेड स्लिप डिफरन्शियल, म्हणजे एलएसडी, हा मधला मार्ग आहे. क्लचच्या चकत्या असलेल्या प्रकारात स्प्रिंगचा थोडा दाब कायम असतो, त्यामुळे एक चाक हवेत असले तरी दुसऱ्याला काहीतरी मिळते. पण चकत्या झिजतात आणि तेलात त्यांच्यासाठीचे खास मिश्रण घालावे लागते. टॉर्सन नावाच्या डिफरन्शियलसारख्या दात्यांच्या प्रकारात झीज नगण्य असते आणि तो रस्त्यावर अतिशय सभ्यपणे वागतो. त्याचा गुणाकार तीनपट असेल, तर वरच्या उदाहरणात निसरड्या चाकाकडे २०० असताना दुसऱ्याकडे ६०० पर्यंत जाऊ शकतात, म्हणजे एक्सलला ४०० ऐवजी ८०० मिळतात. मात्र शून्याची तीनपट शून्यच असते. चाक अधांतरी लोंबकळले, की हे डिफरन्शियल ओपनसारखेच वागते. अशा वेळी ॲक्सिलरेटर देतानाच ब्रेक हलका दाबावा. हवेतल्या चाकाला ब्रेकचा थोडा विरोध मिळतो, त्याची तीनपट जमिनीवरच्या चाकाकडे जाते आणि त्या चाकाचा स्वतःचा ब्रेक वजा केला तरी पुढे जायला काही उरते.

इलेक्ट्रॉनिक ट्रॅक्शन कंट्रोल हेच काम ब्रेककडून आपोआप करून घेते. घसरणारे चाक ब्रेकने रोखले, की ओपन डिफरन्शियलही दुसऱ्या चाकाला तेवढाच टॉर्क देते. पण त्या एक्सलवर इंजिनाने पाठवलेल्या ताकदीतला मोठा वाटा ब्रेकची उष्णता होऊन जातो, शिवाय चाक आधी फिरावे लागते आणि मगच यंत्रणा जागी होते. चांगल्या प्रणालीच्या गाडीला अनेकदा लॉकरची गरजच पडत नाही, हे आधी तपासून पाहावे. त्यासाठी खडकाळ चढावर चाके तिरकी उचलली गेली, तर घाबरून पाय काढून न घेता ॲक्सिलरेटर एकसारखा धरून दोन-तीन सेकंद वाट पाहावी. पुष्कळ चालक नेमके याच क्षणी हार मानतात आणि दोष यंत्रणेला देतात.

खरा लॉकर दोन्ही हाफ शाफ्ट, म्हणजे डिफरन्शियलपासून चाकांपर्यंतचे दांडे, एकमेकांना घट्ट जोडतो. आपोआप चालणारा लॉकर सरळ चालताना जोडलेला राहतो आणि वळणावर बाहेरच्या चाकाला कटकट आवाज करत सुटू देतो. त्याला बटण, नळी किंवा तार यांपैकी काहीच लागत नाही, आणि त्याचा खरा फायदा हाच आहे. परंतु लहान व्हीलबेसच्या, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांत कमी अंतर असलेल्या, गाडीत मागच्या एक्सलवर तो असेल, तर ओल्या रस्त्यावर वळणाच्या मध्येच तो जोडला वा सुटला जाऊन गाडी झटका देते. रोजच्या वापरातल्या गाडीला मी तो सुचवणार नाही. मूळच्या डिफरन्शियल पेटीत फक्त आतले गिअर काढून बसवायचे लहान लॉकर स्वस्त पडतात, मात्र त्यांची मजबुती मूळ पेटीइतकीच राहते. चालकाच्या हातात असलेला लॉकर, मग तो हवेवर चालो, विजेवर वा तारेवर, गरज नसताना ओपन राहतो आणि गरज लागताच शंभर टक्के जोडतो. हवेच्या प्रकारात कॉम्प्रेसर टायर भरायलाही उपयोगी पडतो, पण एक्सलमधले हवेचे सील आणि बाहेरची बारीक नळी यांची काळजी घ्यावी लागते. विजेच्या प्रकारात वायरिंग चिखलापासून सांभाळावे लागते.

पुढे की मागे

एकच लॉकर परवडत असेल, तर बहुतेकांनी तो मागे बसवावा. चढावर वजन मागच्या चाकांवर सरकते, पकड तिथेच असते आणि मागचा लॉक लावूनही स्टीअरिंग बऱ्यापैकी हातात राहते. पुढचा लॉक लावल्यावर गाडी सरळच जाऊ पाहते, स्टीअरिंग जड होते आणि वळवलेल्या अवस्थेतल्या पुढच्या सीव्ही जॉइंटवर, म्हणजे वळलेल्या चाकालाही ताकद पोहोचवणाऱ्या सांध्यावर, सर्वाधिक ताण येतो. असे असले तरी मागे चांगला एलएसडी आधीपासून असेल आणि स्वतंत्र सस्पेन्शनमुळे पुढचे चाक वारंवार उचलले जात असेल, तर पुढचा लॉकर अधिक उपयोगी ठरू शकतो. सुरुवातीला लिहून ठेवलेली टिपणे इथे कामाला येतात. मर्सिडीज जी-क्लासप्रमाणे तिन्ही ठिकाणी लॉक असणे मोहक वाटते, परंतु तिन्ही एकदम लावण्याचे प्रसंग फार थोडे येतात.

लॉकरचा एक धोका जाहिरातींत सहसा सांगितला जात नाही. आडव्या उतारावरून तिरके जाताना ओपन एक्सलचे एक चाक घसरते, तर दुसरे गाडीला जागेवर धरून ठेवते. लॉक केलेल्या एक्सलची दोन्ही चाके एकदम फिरतात आणि गाडीचा तो भाग आडवा खाली सरकतो. ओल्या गवतावर आणि बर्फावर हे क्षणात घडते. अशा ठिकाणी लॉक काढूनच जावे. तसेच काही गाड्यांत मागचा लॉक लावला, की पुढच्या चाकांचेही ट्रॅक्शन कंट्रोल बंद होते. आपल्या गाडीत तसे होते का, हे वाहनपुस्तिकेत पाहून घ्यावे, कारण तसे असल्यास लॉक लावून पुढे काहीतरी गमावलेही जाते.

गिअरिंगचा हिशेब

दुर्गम वाटेवर किती हळू जाता येते, हे किती चाके जोडलेली आहेत याइतकेच महत्त्वाचे आहे. पहिल्या गिअरचे गुणोत्तर (पुढच्या शाफ्टच्या एका फेऱ्यासाठी आधीच्या शाफ्टचे किती फेरे लागतात, तो आकडा) ४.०, लो रेंजचे २.७ आणि एक्सलचे ४.१ असेल, तर तिन्हींचा गुणाकार सुमारे ४४.३ येतो. २९ इंची टायर असलेली अशी गाडी ८०० आरपीएमवर ताशी साधारण २.५ किलोमीटरने, म्हणजे चालत्या माणसापेक्षाही हळू, दगडांवरून सरकते. तीच गाडी ३३ इंची टायरवर नेली, तर गुणोत्तर प्रत्यक्षात ३९ वर येते आणि हमरस्त्यावरही इंजिन जड वाटू लागते. मूळचा तोल परत आणण्यासाठी ४.१ ला ३३ ने गुणून २९ ने भागावे, उत्तर ४.६७ येते. बाजारात बहुधा ४.५६ आणि ४.८८ मिळतात. लांब पल्ल्याचा प्रवास जास्त असेल तर पहिले घ्यावे, ओझे आणि चढ जास्त असतील तर दुसरे. मात्र गुणोत्तर वाढते तसा पिनियन, म्हणजे प्रोपेलर शाफ्टकडून ताकद घेणारा एक्सलमधला दातेरी गिअर, लहान होत जातो आणि काहीसा कमजोरही. पुढच्या आणि मागच्या एक्सलचे गुणोत्तर सारखेच हवे. ४.१० आणि ४.११ एकत्र चालतात, ४.१० आणि ४.५६ कदापि नाही.

गुणोत्तर आधी ठरवावे आणि लॉकर नंतर घ्यावा. काही एक्सलमध्ये ठरावीक गुणोत्तराच्या पुढे डिफरन्शियलची पेटीच वेगळी लागते, आणि घाईने घेतलेला लॉकर मग बसत नाही. हाफ शाफ्टच्या टोकावरचे खाचे मोजून तेही लॉकरशी जुळवून घ्यावेत. दोन्ही कामे एकाच वेळी केली, तर एक्सल उघडून जुळवण्याची मजुरी दोनदा पडत नाही. टायर मूळ मापाचेच ठेवायचे असतील आणि फक्त हळू चालण्याची सोय हवी असेल, तर ट्रान्स्फर केसमधले लो रेंजचे गिअर बदलणे हा अधिक नेटका उपाय आहे, कारण हमरस्त्यावरचे गुणोत्तर तसेच राहते.

मजबुतीचा विचार या गणिताशीच जोडलेला आहे. २५० न्यूटन-मीटरचे इंजिन ४४.३ च्या गुणोत्तरातून, घर्षणातली घट सोडून, ११,००० न्यूटन-मीटरपर्यंत पोहोचते. ओपन एक्सलमध्ये कोणत्याही एका हाफ शाफ्टवर एक्सलच्या निम्म्याहून जास्त टॉर्क येत नाही. लॉक लावल्यावर एक चाक दगडांत घट्ट अडकले आणि दुसरे हवेत असले, तर सगळा भार एकाच शाफ्टवर येतो. म्हणून लॉकर आणि मोठे टायर एकदम घेणाऱ्याने शाफ्टचाही खर्च धरून ठेवावा. सेमी-फ्लोटिंग एक्सलमध्ये चाक शाफ्टवरच बसवलेले असते, म्हणून शाफ्ट तुटला, तर चाकही निसटू शकते. फुल-फ्लोटिंगमध्ये चाक हबवर उभे राहते आणि पुढच्या एक्सलच्या जोरावर घर गाठता येते.

गाडीत आधी काय आहे ते ओळखणे

जुनी गाडी घेतली असेल, तर मागच्या मालकाने काय बसवले होते याची खात्री करावी. सपाट जागेवर पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावून, मागची दोन्ही चाके उचलून एक्सल भक्कम घोड्यांवर ठेवावा; केवळ जॅकवर विसंबू नये. काही गाड्यांचा हँडब्रेक चाकांवर नसून ट्रान्स्फर केसमागच्या शाफ्टवर असतो, आणि मागचे एक चाक उचलले, की तो गाडी धरत नाही. गिअर न्यूट्रल ठेवून आणि हँडब्रेक सोडून एक चाक हाताने फिरवावे. दुसरे उलट दिशेला फिरले तर डिफरन्शियल ओपन आहे. त्याच दिशेला फिरले तर एलएसडी किंवा लॉकर आहे. झिजलेला क्लचचा एलएसडी आणि दात्यांचा एलएसडी दोन्ही या परीक्षेत ओपनसारखे दिसू शकतात, एवढे लक्षात ठेवावे. ओपन एक्सलचे गुणोत्तरही असेच काढता येते: एक चाक पक्के धरून दुसरे बरोबर दोन फेरे फिरवावे आणि तेवढ्यात प्रोपेलर शाफ्ट किती वेळा फिरतो ते मोजावे. चारहून किंचित जास्त फेरे झाले, तर गुणोत्तर ४.१ च्या आसपास आहे.

क्राउन-पिनियन, म्हणजे एक्सलचे गुणोत्तर ठरवणारी गिअरची जोडी, बसवणे घरी करण्याचे काम नाही. पिनियनची खोली, बेअरिंगवरचा ताण आणि दात्यांमधली फट मिलिमीटरच्या शंभराव्या भागांत जुळवावी लागते आणि दातांवर रंग लावून ठसा पाहावा लागतो. मेकॅनिकने तो ठसा दाखवल्याशिवाय गाडी ताब्यात घेऊ नये. नव्या दात्यांवर पहिला प्रवास सुमारे २५ किलोमीटरचा आणि सावकाश करावा, मग गाडी पूर्ण थंड होऊ द्यावी, आणि पहिले काहीशे किलोमीटर ओझे ओढू नये. साधारण ८०० किलोमीटरनंतर तेल बदलावे. ड्रेन प्लगच्या चुंबकावर तेव्हा करडी, पिठासारखी बारीक पूड दिसणे स्वाभाविक आहे. बोटाला टोचतील असे तुकडे निघाले, तर नवे तेल ओतण्याआधी एक्सल पुन्हा उघडून घ्यावा.