व्हीगन पदार्थाचं पाकीट पहिल्यांदाच आणताय? या चुका टाळा

परवा पुन्हा फोन. “तू म्हणालीस म्हणून ते काजूचं व्हीगन चीज आणलं, तर ते वितळतच नाही. पैसे पाण्यात!” मी विचारलं, पाकिटावर काय लिहिलंय? पलीकडे शांतता. मग कागद उलगडल्याचा आवाज. पाकीट कचऱ्याच्या डब्यातून काढून वाचलं जात होतं. त्यावर ठळक अक्षरांत छापलेलं, ब्रेडवर पसरून खाण्यासाठी. ते वितळायला बनवलेलंच नव्हतं.

मी स्वतः पूर्ण व्हीगन नाही, म्हणजे दूध, अंडी, मांस असं प्राण्यांपासून आलेलं सगळंच सोडलेलं नाही. महिन्यातून एखादी नवी वस्तू आणते, चैन म्हणून. पण ओळखीत “हिला यातलं कळतं” अशी वदंता पसरल्यामुळे सगळ्या तक्रारी माझ्याकडे येतात, आणि त्या फिरून फिरून त्याच असतात.

चीज दिसायला वितळेल याची वाट बघत बसणं

ही चूक मीही केली आहे, तीही आठ माणसं जेवायला असताना. पिझ्झावर व्हीगन चीजचा जाडसर कीस भरपूर पसरला आणि ओव्हनच्या काचेला नाक लावून उभी राहिले. बुडबुडे नाहीत, तपकिरी डाग नाहीत, कीस जसाच्या तसा. “अजून दोन मिनिटं” असं मी पाच वेळा म्हटलं. शेवटी जळका वास आला तेव्हा बाहेर काढला. खालचा बेस कोळसा आणि वर किसाची एकेक काडी ताठ उभी! गंमत म्हणजे ती काडी दाताखाली आली तेव्हा आतून मऊ, लोण्यासारखी होती. म्हणजे चीज केव्हाच झालं होतं, दिसत नव्हतं इतकंच.

याचं कारण साधं आहे. दुधाच्या चीजला तार येते ती केसीन या प्रथिनामुळे. दुकानातल्या बहुतेक व्हीगन स्लाइस आणि किसात केसीन नसतं. असतं ते मुख्यतः खोबरेल तेल आणि स्टार्च. खोबरेल साधारण २४ अंश सेल्सियसलाच पातळ होतं, पण स्टार्च त्याला धरून ठेवतो. आणि कोरड्या गरम हवेत किसाचं वरचं अंग वाळतं, त्यामुळे त्याचा आकार मोडत नाही. त्याला वाफ लागते.

मी आता काय करते? अगदी बारीक किसते आणि नेहमीच्या निम्मंच घालते. ते सॉसला चिकटेल असं पसरते, वर बोटांनी पाण्याचे चार थेंब शिंपडते. टोस्ट असेल तर ओव्हनच्या वाटेला जातच नाही. तव्यावर ठेवते, कडेला चमचाभर पाणी सोडते, झाकण घालते, दोन मिनिटं. वेळ घड्याळावर बघायची, चीजच्या रंगावर नाही. ग्रिल पूर्ण पेटवून “लवकर होईल” म्हणणाऱ्यांना मी हल्ली समजावत नाही. एकदा बेस जळला की आपोआप कळतं.

आणखी एक. या खोबरेल-स्टार्चवाल्या चीजमध्ये प्रथिनं नावापुरती असतात. “चीज खाल्लं, प्रथिनं मिळाली” हा हिशेब इथे चालत नाही. पाकिटामागचा तक्ता बघा.

कॉफीत दूध फाटलं म्हणून अख्खा डबा फेकणं

सोयाचं दूध मी पहिल्यांदा आणलं तेव्हा उकळत्या काळ्या कॉफीत थेट फ्रिजमधलं ओतलं. वर लगेच पांढऱ्या चोथ्याचा थर. खराब निघालं म्हणून डबा मोरीत रिकामा केला. दुसरा आणला, तेच झालं. मग दुकानदाराशी वाद घातला. तो बिचारा तारीख दाखवत होता, मी कप दाखवत होते. त्या दुकानात पुढे कित्येक दिवस मी मान खाली घालून जायचे, कारण चूक माझी होती.

कॉफी आम्ल असते. आम्ल आणि उष्णता एकदम मिळाली की सोयातली प्रथिनं गोळा होतात. बदामाच्या दुधाचंही तसंच होतं. दूध नासलेलं नसतं, फक्त दचकलेलं असतं. खरं खराब झालेलं दूध थंड असतानाच आंबूस वास मारतं, डबा फुगलेला असतो किंवा ग्लासात ओततानाच गुठळ्या पडतात.

उपाय म्हणजे क्रम उलटा करायचा. कपात आधी दूध, तेही कोमट केलेलं. कॉफी गाळून एक-दोन मिनिटं थांबायचं आणि मग तिची बारीक धार दुधात सोडायची. हलकी भाजलेली कॉफी जास्त आम्ल असते, तिच्याशी आणखी जपून. एवढी सबुरी नसेल तर ‘बरिस्टा’ लिहिलेला, म्हणजे खास कॉफीसाठी बनवलेला डबा घ्या. त्यात बहुधा पोटॅशियम फॉस्फेटसारखा आम्लता सांभाळणारा घटक घातलेला असतो, म्हणून ते सहसा फाटत नाही. शॉर्टकटच्या मी विरोधात असते, पण हा एक मला मान्य आहे.

डबा हलवूनच ओता. वरून घातलेलं कॅल्शियम तळाशी बसतं, आणि न हलवणारा माणूस आठवडाभर नुसतं पाणी पिऊन शेवटच्या कपाला खडूची पूड खातो. ओटचं दूध फार उकळू नका, दाट आणि चिकट होतं. आणि त्यात साखर न घालताही ते गोड का लागतं, तर बनवताना एन्झाइम ओटमधल्या स्टार्चची माल्टोज साखर करतात. ‘साखर घातलेली नाही’ म्हणजे ‘साखर नाही’ असं नव्हे.

बर्गरची पॅटी दाबणं

दाबू नका! मांसासारख्या लागणाऱ्या अनेक पॅटींत मिथाइलसेल्युलोज नावाचा, पॅटी बांधून ठेवणारा घटक असतो. तो जिलेटिनच्या अगदी उलट वागतो, तापला की घट्ट होतो आणि थंड झाला की सैल पडतो. म्हणून अर्धवट भाजलेली पॅटी चमच्याखाली लिबलिबीत लागते, लोक घाबरून ती दाबतात आणि आतलं सगळं तेल तव्यावर. पाकिटावर लिहिलेली मिनिटं पूर्ण होऊ द्या, एकदाच उलटा, गरम असतानाच खा. रंगावरून शिजल्याचा अंदाज बांधू नका, कारण तो लाल रंग पुष्कळदा बिटाचा असतो आणि शिजल्यावरही थोडा उरू शकतो. वर मीठही भुरभुरू नका. नावाजलेल्या कंपन्यांच्या ११३ ग्रॅमच्या एका पॅटीत साधारण ३०० ते ४०० मिलिग्रॅम सोडियम असतं, आणि जागतिक आरोग्य संघटनेची दिवसाची मर्यादा २००० मिलिग्रॅमच्या आत आहे. चैन म्हणून एक खाल्ली तर काही बिघडत नाही. ‘झाडापासून आलंय’ म्हणून तीन खाणाऱ्यांबद्दल बोलतेय मी.

पाकिटाची फक्त पुढची बाजू वाचणं

‘नॉन-डेअरी’ लिहिलेल्या कॉफी क्रीमरमध्ये सोडियम केसीनेट असू शकतं, आणि ते दुधातूनच येतं. मांस नाही म्हणजे व्हीगन असंही नाही. क्वॉर्न या ब्रँडचे पदार्थ बुरशीपासून केलेल्या प्रथिनाचे (मायकोप्रोटीन), पण त्यांच्या काही पदार्थांत अंड्याचा पांढरा भाग असतो, काहींत नसतो. उलट बाजूने, ‘यात दुधाचा अंश असू शकतो’ ही सूचना ॲलर्जीवाल्यांसाठी असते. त्याच कारखान्यात दुधाचे पदार्थही बनतात, एवढाच तिचा अर्थ. व्हीगन खाणाऱ्याने ती वाचून दचकायचं कारण नाही, पण दुधाची ॲलर्जी असलेल्याने नुसत्या ‘व्हीगन’ शिक्क्यावर विसंबू नये. मांसाऐवजी खाल्लं जाणारं सेटान म्हणजे निव्वळ गव्हातलं ग्लूटेन हे प्रथिन, तेव्हा ग्लूटेन न चालणाऱ्यांनी लांबच राहावं.

युरोपातल्या दुकानांत शेल्फवर ‘ओट मिल्क’ सापडत नाही म्हणून परत येणारेही भेटतात. युरोपीय संघाच्या न्यायालयाने २०१७ मध्ये निकाल दिला की निव्वळ वनस्पतीजन्य पदार्थाला, काही अपवाद सोडून, दूध किंवा चीज म्हणून विकता येणार नाही. त्यामुळे तिथल्या डब्यांवर ‘ओट ड्रिंक’ असतं. आत तेच.

बाकीच्या, भराभर

एका दिवशी पाच नव्या वस्तू आणू नका. एकही नीट करून बघितली जात नाही आणि उघडलेले डबे फ्रिजमध्ये माना टाकतात. लहानातलं लहान पाकीट घ्या.

मांसाऐवजी वापरायला डब्यातला फणस घेताना खाऱ्या पाण्यातला कोवळाच घ्या. पाकातला पिका फणस मसाल्यात परतल्यावर काय होतं ते मी सांगणार नाही.

पहिल्याच घासाला मूळ पदार्थाशी तुलना नको. मी पहिल्या दिवशी निकालच देत नाही, दुसऱ्यांदा वेगळ्या पद्धतीने करून मगच.

“कुणाला सांगायचंच नाही, ओळखतात का बघू” हा खेळ मला अजिबात आवडत नाही. यातल्या कित्येक वस्तूंमध्ये सोया, काजू, बदाम असतात. कुणाच्या घशाला सूज आल्यावर ते गुपित सांगण्यात काय मजा?

आईस्क्रीम दगडासारखं निघालं तर चमचा वाकवू नका, मायक्रोवेव्ह तर नकोच. दहा मिनिटं बाहेर ठेवा. अर्धवट वितळवून पुन्हा गोठवलं की त्यात बर्फाचे खडे होतात, म्हणून मी लागेल तेवढंच काढते आणि उरलेल्यावर बटर पेपर दाबून बसवते. तो पेपर तिसऱ्यांदा काढायची वेळ आमच्या घरात अजून आलेली नाही.