पाच एचपीच्या पंपाला फ्यूज किती अँपिअरचा?

मोटारीला ओव्हरलोडपासून वाचवणं हे फ्यूजचं काम नाही, ते स्टार्टरमधल्या रिलेचं (करंट ठरवलेल्या मर्यादेवर राहिला तर मोटार बंद करणारा भाग). फ्यूज शॉर्टसर्किटसाठी असतो. व्होल्टेज ३५० वर आलं आणि मोटार साडेसातऐवजी नऊ अँपिअर घेऊ लागली, तर २० चा फ्यूज जागचा हलणार नाही. रिले मोटारीच्या नेमप्लेटवरच्या करंटला सेट असेल तरच वाइंडिंग वाचेल.

म्हणून आधी प्लेट वाचा. ५ एचपी (३.७ किलोवॅट), ४१५ व्होल्ट, थ्री-फेज मोटारीचा फुल लोड करंट साधारण ७.५ अँपिअर असतो. सबमर्सिबलचा (पाण्यात बुडवलेल्या पंपाचा) थोडा जास्त. डोल स्टार्टरवर (मोटारीला थेट पूर्ण व्होल्टेज देणारा) उठताना मोटार सहा-सात पट, म्हणजे ४५ ते ५० अँपिअर खेचते. १० चा एचआरसी फ्यूज (मोठा शॉर्टसर्किट करंट सुरक्षित तोडणारा बंद कार्ट्रिज) तिथेच उडतो. १६ चा काही दिवस टिकतो, पण दर स्टार्टला आतली पट्टी थकत जाते आणि ऐन पाण्याच्या पाळीला जातो. फुल लोड करंटच्या अडीच पट धरा: २० अँपिअर. स्टार-डेल्टा स्टार्टरवर (आधी कमी व्होल्टेजवर उठवून मग पूर्ण देणारा) उठतानाचा करंट कमी, तिथे दीड ते पावणेदोन पट पुरतं. १० एचपीच्या १५ अँपिअरला २५ चा. त्यात रिले मेन लाइनऐवजी वाइंडिंगच्या फेजमध्ये जोडलेला असेल तर सेटिंग ०.५८ पट, म्हणजे ८.७.

स्टार्टरच्या लेबलवर जास्तीत जास्त चालणारा बॅकअप फ्यूज (स्टार्टरच्या आधी लावायचा फ्यूज) छापलेला असतो. त्याच्या वर जाऊ नका. नाहीतर शॉर्टमध्ये फ्यूजच्या आधी स्टार्टरचे कॉन्टॅक्ट चिकटतात.

आता केबल. पेटीपासून विहीर २०० मीटर आणि २.५ चौरस मिमी तांब्याची केबल असेल, तर मोटारीपाशी दोन फेज भिडले तरी जेमतेम १४० अँपिअर वाहतात. २० चा फ्यूज क्षणात उडेल. ६३ चा टाकला असेल तर तो बराच वेळ तग धरेल आणि तोवर केबल वितळेल. किटकॅटमध्ये (तार ओवायच्या चिनीमातीच्या फ्यूजमध्ये) वायरचे दोन-तीन तंतू पिळून टाकले की हेच होतं. २० अँपिअरला कल्हई केलेली ०.६ मिमीची एकच फ्यूजतार लागते. तरी आमचा आग्रह एचआरसीचाच.

एक फ्यूज उडाला की मेन बंद करून, टेस्टरने तिन्ही फेज तपासून, तिन्ही फ्यूज एकदम बदला. उरलेले दोन अर्धे थकलेले असतात. त्यातला एक चालू मोटारीत गेला की मोटार दोन फेजवर गुरगुरते आणि करंट पावणेदोन पटीपर्यंत चढतो. बदलताना बेसच्या पितळी पकडी बघा. काळ्या-निळ्या पडल्या असतील किंवा फ्यूज बोटाने सहज निघत असेल, तर बेसच बदला, कारण ढिल्या पकडीच्या उष्णतेने बरोबर मापाचा फ्यूजही उडतो.