महाविद्यालयात असतानाच वित्तक्षेत्रातील करिअरची तयारी कशी करावी

सरकारी बँकेतील अधिकारी, सनदी लेखापाल (सीए), दलाली पेढीत शेअरचा अभ्यास करणारा विश्लेषक आणि पुण्यात खराडीच्या कार्यालयात बसून परदेशी फंडांचे हिशेब जुळवणारा कर्मचारी हे सगळे वित्तक्षेत्रातच काम करतात. मात्र त्यांच्या प्रवेशपरीक्षा, रोजचे काम आणि पगाराची चढण यांत फारसे साम्य नाही. म्हणून पहिल्या वर्षी यांपैकी निदान दोन वाटांची नीट चौकशी करावी आणि ती त्या कामात असलेल्या माणसांकडेच करावी. क्लासच्या माहितीपत्रकावर विसंबू नये.

काही अटी सुरुवातीलाच ठाऊक असलेल्या बऱ्या. रिझर्व्ह बँकेच्या ग्रेड बी अधिकारी परीक्षेच्या सर्वसाधारण शाखेसाठी खुल्या प्रवर्गातील उमेदवाराला पदवीला ६० टक्के गुण लागतात आणि वय २१ ते ३० असावे लागते. त्यामुळे ‘पदवी काय, कशीही होईल’ ही वृत्ती पुढे महागात पडते. सीएच्या २०२३ पासूनच्या नव्या रचनेत इंटरमीडिएटचे दोन्ही ग्रुप उत्तीर्ण झाल्यावर दोन वर्षांची आर्टिकलशिप, म्हणजे सीएच्या हाताखालची उमेदवारी, असते. ती पूर्ण वेळेची असते, हे लक्षात घेऊनच महाविद्यालयाच्या हजेरीचा विचार करावा.

दिशा ठरेपर्यंत लेखाशास्त्र आणि एक्सेल या दोन गोष्टी पक्क्या कराव्यात. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यालाही नोंदी पाठ असतात, पण कागदावर नफा दिसत असताना कंपनीकडे पगार द्यायला रोकड का नसते, हे सांगता येत नाही. हे सोप्या शब्दांत समजावता येईपर्यंत पुढच्या विषयाला हात घालू नये. एक्सेलमध्ये पिव्होट टेबल (आकड्यांचा सारांश काढणारा तक्ता), लुकअपची (दुसऱ्या तक्त्यातून आकडा शोधून आणणारी) सूत्रे आणि माउसला हात न लावता काम करण्याची सवय एवढ्यावर सुरुवातीच्या बहुतेक नोकऱ्या निभावतात.

दुसऱ्या वर्षाचा मुख्य उद्योग एकच असावा: एका कंपनीचे वार्षिक अहवाल वाचणे. ते कंपनीच्या संकेतस्थळावर आणि शेअर बाजारांच्या संकेतस्थळांवर विनामूल्य मिळतात. जिचा माल आपल्या ओळखीचा आहे अशी कंपनी घ्यावी. उदाहरणार्थ, फेव्हिकॉल बनवणारी पिडिलाइट. अध्यक्षांच्या पत्रापासून आणि गुळगुळीत छायाचित्रांपासून सुरुवात न करता आधी लेखापरीक्षकांचा अहवाल, मग रोख प्रवाह पत्रक, त्यानंतर ताळेबंद आणि त्याखालच्या टिपा या क्रमाने वाचावे. मागच्या पाच वर्षांचे आकडे तयार तक्त्यातून न उचलता स्वतःच्या हाताने एक्सेलमध्ये भरावेत, कारण आकडा भरतानाच प्रश्न पडतात. विक्रीपेक्षा ग्राहकांकडची येणी वेगाने का वाढली? नफ्याचे प्रमाण एखाद्या वर्षी का घसरले? पिडिलाइटच्या बाबतीत या दुसऱ्या प्रश्नाचा माग काढत गेलात, तर व्हीएएम या आयात होणाऱ्या कच्च्या मालाशी येऊन पोहोचाल. २०२२ मध्ये त्याच्या किमती चढल्या तेव्हा कंपनीच्या नफ्याचे प्रमाण आक्रसले होते.

आकड्यांवर शंका घ्यायलाही याच वाचनात शिकावे. सत्यम कॉम्प्युटर्सच्या अध्यक्षांनी ७ जानेवारी २००९ रोजी दिलेल्या कबुलीनुसार, ताळेबंदात दाखवलेल्या सुमारे ५,३६१ कोटी रुपयांच्या रोख व बँक शिलकीपैकी ५,०४० कोटी अस्तित्वातच नव्हते. शिल्लक आणि तिच्यावरील व्याज यांचा मेळ घालून पाहणे ही चांगली सवय आहे, पण त्या प्रकरणात येणे व्याजाचा आकडाही बनावट होता. तेव्हा एकाच पडताळणीवर समाधान मानू नये.

प्रमाणपत्रांचा क्रम यानंतरचा. शेअर बाजाराची नियामक संस्था ‘सेबी’ने २००६ मध्ये स्थापन केलेली एनआयएसएम ही संस्था (तिचे संकुल रायगड जिल्ह्यात पाताळगंगा येथे आहे) शेअर बाजाराशी संबंधित परीक्षा घेते. संशोधन विश्लेषकासाठी मालिका १५ आणि म्युच्युअल फंड वितरकासाठी मालिका ५-अ या विद्यार्थ्यांच्या उपयोगाच्या आहेत. ही प्रमाणपत्रे साधारणपणे तीन वर्षांनी कालबाह्य होतात, त्यामुळे पहिल्या वर्षी हौसेने परीक्षा देण्यापेक्षा शेवटच्या वर्षी दिलेली बरी. सीएफए या गुंतवणूक विश्लेषकांच्या आंतरराष्ट्रीय परीक्षेची पहिली पातळी पदवी पूर्ण होण्याच्या २३ महिने आधीपासून देता येते. मात्र शुल्क मोठे आहे आणि अभ्यासाला सुमारे ३०० तास लागतात, म्हणून गुंतवणूक व्यवस्थापनातच जायचे असे ठरले असेल तरच त्या वाटेला जावे.

‘बाजार शिकण्यासाठी’ फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये, म्हणजे शेअरच्या पुढच्या किमतींवर बेतलेल्या करारांमध्ये, पैसे घालणाऱ्या विद्यार्थ्यांविषयी स्पष्टच लिहिले पाहिजे. सेबीच्या सप्टेंबर २०२४ मधील अभ्यासानुसार, २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत या व्यवहारांतील ९३ टक्के वैयक्तिक व्यापाऱ्यांना तोटा झाला. हा अनुभव मुलाखतीतही फारसा कामाला येत नाही.

इंटर्नशिपसाठी मुंबईच्या मोठ्या नावांचीच वाट पाहत बसू नये. सांगली, नाशिक किंवा लातूरसारख्या शहरातील सीएच्या कार्यालयात सुट्टीचे दोन महिने जीएसटी विवरणपत्रे, बँक जुळवणी आणि व्हाउचर तपासणी केली, तर खरे हिशेब किती विस्कळीत असतात ते कळते. बायोडेटात त्या कामाचे नेमके स्वरूप लिहावे. ‘वित्तविषयक कामाचा अनुभव’ अशा मोघम ओळीतून वाचणाऱ्याला काहीच समजत नाही.

शेवटच्या वर्षी, प्लेसमेंट सुरू होण्याआधी, अभ्यासलेल्या कंपनीवर दोन पानांचे टिपण इंग्रजीत लिहून काढावे: धंदा कसा चालतो, पैसा कुठे अडकतो, धोका कोणता आणि आजच्या किमतीला शेअर घ्यावा की नाही. मराठी माध्यमातून आलेल्यांनी ते मित्रांसमोर इंग्रजीत मोठ्याने मांडून पाहावे आणि त्यांना मध्येच अडवून आकड्यांबद्दल प्रश्न विचारायला सांगावे. ज्या आकड्याचे कारण देता येणार नाही, तो टिपणातून काढावा किंवा अहवाल पुन्हा उघडून शोधावा.