नानकटाई करपली, दोष सेन्सरचा

आमच्या खानापुरात पावसाळा म्हणजे घरभर ओल. ओव्हन १८० वर लावूनही नानकटाई दहा मिनिटांत काळी. आई म्हणाली, "पीठच बिघडलंय बघ." मला पटेना.

प्लग काढला, ओव्हन गार होऊ दिला, आतलं तापमान मोजणाऱ्या सेन्सरच्या दोन वायरी सोडवून रोध मोजायला मल्टीमीटर लावला. सेन्सर पीटी १००० जातीचा, म्हणजे प्लॅटिनमचा; तापमान वाढलं की याचा रोध वाढतो. २५ अंशांना साधारण १०९७ ओहम हवेत. दिसले ९४०! रोध कमी म्हणजे ओव्हनला आत गारच वाटणार, कॉइल तापतच राहणार. ओलीमुळे असेल म्हणून वायरी जोडायचा कनेक्टर पुसून वाळवला, तरी तेच. मग सेन्सरचं टोक वितळत्या बर्फात धरलं, वायरी कोरड्या ठेवून. शून्य अंशांना १००० हवेत, आले ८७०. सेन्सरच गेला होता.

बेळगावहून त्याच जातीचा नवा आणला. आता अठरा मिनिटांनी कडा जेमतेम सोनेरी होतात.