फ्रेंच प्रेसची कॉफी, घरच्या घरी
फ्रेंच प्रेस म्हणजे जाळीचा दट्ट्या असलेलं कॉफीचं उभं भांडं. तयार पावडर आणू नका. भाजलेल्या बिया आणा आणि करायच्या वेळीच दळा. दळल्यावर वास उडायला वेळ लागत नाही. दळण जाडसर हवं, खडेमिठासारखं. मी १५ ग्रॅमला २५० मिली पाणी घेते. उकळी आली की गॅस बंद करून अर्धा मिनिट थांबायचं, मग भांड्यातल्या पावडरीवर आधी थोडंसंच पाणी ओतायचं. पावडर फसफसून वर आली की समजा, बिया ताज्या भाजलेल्या आहेत. उरलेलं पाणी घाला, ४ मिनिटांनी दट्ट्या सावकाश दाबा आणि सगळी कॉफी लगेच ओतून घ्या. भांड्यात राहिली की कडवट होतेच. साखर? पहिला घोट तसाच घ्या, मग तुमची मर्जी.