बाग शहरातली, चूल गावातली: डिसर्टेशनला बसणाऱ्यांसाठी माझा अनुभव

यंदा पहिल्यांदाच फील्डवर जाणाऱ्या दोघीतिघींनी विचारलं म्हणून लिहायला बसलेय. एमएच्या दुसऱ्या वर्षाला मी विषय घेतला होता पुण्यातल्या बागा आणि मराठवाड्यातल्या कुटुंबांची गरिबी. पहिल्याच प्रेझेंटेशनला समोरून प्रश्न आला, अगं हे तर दोन विषय झाले, एक निवड. तेव्हा मला नीट उत्तर देता आलं नाही. हा एकच विषय आहे असं आज मी ठामपणे सांगते, आणि ते मला मे महिन्यानं शिकवलं.

सुरुवात सगळे करतात तिथूनच केली, सॅटेलाइट इमेजपासून. सेंटिनेल-२ ह्या युरोपियन उपग्रहाचा डेटा फुकट मिळतो, १० मीटरचा पिक्सेल, लॅपटॉप जुना असला तरी गूगल अर्थ इंजिनवर काम होतं. एनडीव्हीआयला, म्हणजे हिरवळ किती ते सांगणाऱ्या आकड्याला, घाबरू नका, हिरवं पान लाल उजेड शोषून घेतं आणि इन्फ्रारेड परत फेकतं, त्या दोन आकड्यांची वजाबाकी भागिले बेरीज, एवढंच. चूक होते ती इमेज कुठल्या महिन्याची घेतली त्यात. पावसाळ्यात ढग असतात, आणि ऑक्टोबरात तर पडीक प्लॉटवरचं गवतसुद्धा हिरवंगार दिसतं, गावाकडचं सोयाबीनही नुकतंच निघत असतं, त्यामुळे सगळीकडे आबादीआबाद वाटतं. मेची इमेज घ्या. मे मध्ये शहरात जे हिरवं दिसतं ते एक तर मुळं खोल गेलेलं जुनं झाड असतं, नाहीतर तिथे रोज कुणीतरी हातात पाइप धरून उभं असतं.

आणखी एक, पिक्सेलला गेट दिसत नाही. लष्कराचा पट्टा, क्लबचं मैदान, सोसायटीचं लॉन आणि सार्वजनिक बाग, नकाशात सगळं सारखंच हिरवं. केंद्राच्या २०१४ च्या नगररचना मार्गदर्शिकेत माणशी १० ते १२ चौरस मीटर मोकळी जागा सांगितलीय, पण त्या सरासरीत आत कुणाला जाता येतं हे कळत नाही. पुण्यात बऱ्याच बागा सकाळी आणि संध्याकाळी उघड्या, दुपारी बंद. दिवसभर मजुरी करणाऱ्या माणसाला हे वेळापत्रक कसं पुरणार?

पाइप धरणारी माणसं शोधायला मी सकाळी साडेसहालाच बागेत जायला लागले. लॉनवर पाचसहा बायका ओळीनं उकिडव्या बसून खुरप्यानं लव्हाळा काढत होत्या. त्यातल्या एका मावशींशी चार दिवस नुसतं बोललेच, सर्व्हेचा फॉर्म पिशवीतून काढलाच नाही. पाचव्या दिवशी त्यांनीच विचारलं, "ताई, तुला नेमकं काय पायजे?" मग पंपाच्या खोलीमागे, भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी घेऊन बसलेल्या असताना त्यांनी सांगितलं. दोन एकर कोरडवाहू, विहीर फेब्रुवारीतच तळाला जाते, पूर्वी नवराबायको कोयत्यावर, म्हणजे ऊसतोडीला, जायचे, मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल फिटेना म्हणून पुण्याला आले, आता नवरा मजूर अड्ड्यावर उभा राहतो आणि मावशी ठेकेदाराकडे बागेत काम करतात. मृगाच्या आधी पेरणीला गावी जायचं. त्या दिवशी मी दोन इमेज शेजारी शेजारी लावल्या, तारखा जवळपासच्या, इकडे लॉन हिरवं, तिकडे त्यांचं शिवार तपकिरी. गावात पाणी नाही म्हणून शहरात गवताला पाणी घालायला आलेली बाई. माझा सगळा थीसिस ह्या एका वाक्यात होता.

आता फॉर्मचं. माझे पहिले चौदा फॉर्म वाया गेले कारण मी "कुटुंबात किती जण?" असं विचारत होते. सरकारी सर्व्हेत कुटुंब म्हणजे साधारण एकत्र राहणारे आणि एका चुलीवर जेवणारे, आणि सहा महिन्यांपेक्षा कमी काळ बाहेर असेल तरच तो माणूस घरातला धरतात. मावशी आठ महिने पुण्यात, म्हणजे गावच्या फॉर्ममध्ये त्या नाहीतच, पण म्हातारीचं औषध आणि पोराची फी त्यांच्याच पैशावर चालते. म्हणून "इथे कोण जेवतं" आणि "पैसे कोण पाठवतं" हे दोन वेगळे रकाने ठेवा, प्लीज.

गरिबी कशानं मोजायची ह्यावर भरपूर वाचाल. तेंडुलकर समितीच्या पद्धतीनं २०११-१२ ची देशाची ग्रामीण दारिद्र्यरेषा माणशी महिना ८१६ रुपये येते, आणि नीती आयोगाच्या बहुआयामी निर्देशांकात १२ निकष आहेत, पोषण, शाळा, घर, संडास, बँक खातं वगैरे. त्या बारात कर्ज नाही, आणि मला घराघरात भेटलं ते कर्जच. कृषी सेवा केंद्राची उधारी, बचत गटाचा हप्ता, मायक्रोफायनान्सवाल्याचा हप्ता. ते वेगळं विचाराच. उत्पन्न थेट विचारू नका, खर्चावरून या, तेल-भाजी मागच्या आठवड्यातली, धान्य महिन्याचं, कपडे आणि फी वर्षाची. "गॅस आहे का?" ह्याला सगळे हो म्हणतात, सिलिंडर कोपऱ्यात दिसतोच. "काल रात्रीचा स्वयंपाक कशावर केला?" असं विचारलं की खरं कळतं, बहुतेक घरांत चूल होती.

गावी जायचं तर पेरणी आणि काढणी टाळा, माणसं भेटणार नाहीत आणि भेटली तरी तुम्ही त्यांची मजुरी बुडवाल. मी आधी बागेत ओळख करून, त्यांनाच विचारून, त्यांच्या घरी गेले, म्हणून दार उघडलं गेलं. फोटो काढायचा तर त्यांची परवानगी मिळाल्यावरच, आणि गावाचं नाव थीसिसमध्ये बदला.

आणि एक प्रश्न शेवटी टाका, मी उशिरा टाकला त्याची मला अजून हळहळ वाटते. "तुम्ही ह्या बागेत कधी नुसत्या बसलात का?" मावशी म्हणाल्या एकदा बसले होते, नातू आला होता गावाहून, रविवारी, त्याला घसरगुंडीवर खेळायचं होतं, मी लॉनवर बसले तर हात आपोआप लव्हाळ्याकडेच जायला लागले.